गुंडप्पाचं कोपर आणि डाळिंबी शालू

तेलगावच्या चौकातल्या आपल्या कापडदुकानात, गादीवर बसल्या बसल्या गुंडप्पानं एक साधा निर्णय घेतला. उजवं कोपर दुखतंय, हे कुणाला सांगायचं नाही. निर्णय एवढाच. माणूस दिवसभरात असले कितीतरी निर्णय घेतो आणि संध्याकाळी विसरूनही जातो. पण हा निर्णय त्याच्या लेकीच्या लग्नातून आणि विहिणीच्या ओटीतून फिरत फिरत पार श्रावणापर्यंत गेला, आणि गुंडप्पा त्याबद्दल अजून हळहळतो. (हळहळणं हा त्याचा स्वभावच आहे, असं त्याची बायको जगदेवी म्हणते. पण या खेपेला कारण खरं होतं.)

गुंडप्पा कापड विकायचा हे खरं, पण लोक त्याच्याकडं कापडापेक्षा त्याची फेक बघायला यायचे. साडीचं एक टोक चिमटीत धरायचं, मनगटाला मागून पुढं एक झटका द्यायचा, की साडी हवेत उलगडत जायची आणि पदर अलगद गिऱ्हाइकाच्या मांडीवर उतरायचा. बाई कुठंही बसलेली असो, खांबाआड असो की दाराशी, पदर तिच्याच मांडीवर. एकदा मांडीवर पदर आला की बाईचा जीव त्या साडीतून निघत नाही, हे गुंडप्पाचं व्यापारातलं सगळं ज्ञान. त्या जोरावर आजूबाजूच्या गावांतले बस्ते त्याच्याकडं यायचे. बस्त्याला दोन्हीकडची मंडळी लग्नाचं कापड घ्यायला एका दुकानात एकदम येतात आणि दिवस मावळेपर्यंत उठत नाहीत. दिवसभर गुंडप्पाचा हात चालूच. लग्नसराईत तर त्याला जेवताना घाससुद्धा झटका देऊन तोंडात टाकायची सवय लागली होती.

अशा हाताचं कोपर दुखू लागलं. आधी नुसती ठणक होती. मग तांब्या उचलताना कळ यायला लागली. मग नळाची तोटी पिळताना, दाराची कडी काढताना, कपाळाला विभूती लावताना. (सकाळच्या पूजेत इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात, म्हणून महादेवानं तेवढी तरी लाज राखली.)

दुसरं एखादं वर्ष असतं तर गुंडप्पानं गावभर कण्हून दाखवलं असतं. पण माघात त्याच्या लेकीचं, प्रणिताचं, वैशाखातलं लग्न ठरलं होतं. मुलगा आष्टीच्या राजेश्वरअप्पांचा, योगीराज. माणसं भली, हार्डवेअरचं दुकान, घरात सगळे उंचेपुरे आणि धडधाकट. नवरीचा बाप हातानं अधू आहे असं आष्टीत कुणी बोलायला नको, हे एक कारण होतं. दुसरं कारण गुंडप्पानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या लेकींच्या मांडीवर शालू फेकले होते. आपल्या लेकीचा बस्ता असेल तेव्हा तिचा शालू आपल्या हातानं, सगळ्या पाहुण्यांदेखत, तिच्या मांडीवर टाकायचा, एवढी एकच हौस त्यानं ती रांगत होती तेव्हापासून जपून ठेवली होती. शालू खरं तर मुलाकडचे घेतात. पण सुपारी फुटली तेव्हाच त्यानं व्याह्यांना सांगून टाकलं होतं, "बाकी सगळं तुमी म्हनाल तसं. शालू मात्र माझ्या दुकानातला आन् माझ्या हातचा."

शालू आलाही होता. बनारसहून खास मागवलेला, गर्द डाळिंबी रंगाचा, अंगभर जरीचा. गुंडप्पा दुकान बंद करायच्या आधी रोज कपाट उघडायचा, त्याच्याकडं डोळे भरून बघायचा आणि परत कपाट लावायचा. ते कपाट उघडतानाही कोपरात कळ यायची.

गुपित फुटलं ते चहामुळं. शेजारच्या बी-बियाणाच्या दुकानाचा अजिनाथ हा गुंडप्पाचा शाळेपासूनचा मित्र. समोर बसून चहा पिता पिता त्यानं विचारलं, "काय बे, चहा डाव्या हातानं कावून पितोस?"

"उजव्यात मीटर हाय."

"मीटर तर तिकडं गादीवर पडलाय."

गुंडप्पानं नाइलाजानं सांगितलं. अजिनाथला दुसऱ्याचं दुखणं ऐकलं की अंगात उत्साह संचारतो. "येवढंच ना? बिब्बा लाव. गरम करून त्याच्या तेलाचे चार ठिपके. आमच्या म्हताऱ्याचा गुडघा असाच बरा झालता."

"आन् मग?"

"मग काय, म्हातारा चालत रानात गेला." (म्हातारा रानात गेला हे खरं होतं. पण तो बिब्बा लावायच्या आधीही जात होता, एवढं अजिनाथनं सांगितलं नाही.)

चार ठिपक्यांनी जर म्हाताऱ्याचा गुडघा बरा होत असेल, तर लग्नघाईतल्या माणसाला जास्त लागणार, या हिशेबानं गुंडप्पानं अख्खं कोपर सारवून काढलं. सकाळपर्यंत बिब्बा उतला. कोपर टम्म फुगलं, त्यावर फोड आले आणि खाज अशी सुटली की माणूस सदरा घालून बसू शकेना. जगदेवी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"हे काय करून घेतलंत?"

"काई न्हाई. डास चावला."

"डास चावला का बैल चावला?" असं म्हणून तिनं प्रणिताला हाक मारली. प्रणितानं हात बघितला, चप्पल घातली आणि बापाला बीडच्या एसटीत बसवलं.

बीडला आधी फोडांचं औषधपाणी झालं. ते वाळल्यावर प्रणितानं त्याला पुन्हा नेलं, ते फिजिओथेरपीच्या डॉक्टर राजनंदिनीबाईंकडं. वयानं प्रणिताएवढीच असेल. तिनं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड अंगठ्यानं जरासं दाबलं, तर गुंडप्पा खुर्चीतून उठून उभा राहिला. मग तिनं मूठ वळायला सांगितली आणि मनगट वर उचला म्हणून ती वरून दाबू लागली. पुन्हा तीच कळ.

"काका, दिवसभर काम काय करता?"

गुंडप्पानं तिथला टॉवेल घेतला आणि डाव्या हातानं फेक करून दाखवली. (डाव्या हाताची फेक पंख्यात अडकली. ती काढेपर्यंत तपासणी थांबली.)

"टेनिस एल्बो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मॅडम, मी जन्मात कबड्डी बी खेळलो न्हाई."

"नाव तसं पडलंय. खेळाडूंपेक्षा रंगारी, सुतार, धुणं पिळणाऱ्या बायका आणि तुमच्यासारखे दुकानदार यांनाच जास्त होतं." तिनं त्याचा हात टेबलावर ठेवला आणि बोटानं दाखवत गेली. "मनगट वर उचलणारे सगळे स्नायू इथं, या हाडाच्या टोकावर, एका दोरीसारख्या पट्टीनं बांधलेले असतात. तुम्ही झटका देता तेव्हा सगळी ओढ या एवढ्याशा जागेवर. एकाच टाक्यावर रोज ओढ दिली तर शिवणीचं काय होतं?"

"उसवती," गुंडप्पा म्हणाला. एवढी सरळ डॉक्टरकी त्यानं आजवर ऐकली नव्हती.

"तेच झालंय. नवे टाके शरीर आपलं आपण घालतं. पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि थोडा थोडा ताणही. हात गळ्यात बांधून बसलात तर ती पट्टी आणखी कच्ची होईल. आणि आजपासून फेक बंद. कापडाचा ताका उचलायचा तर तळहात वर करून, प्रसाद घेतो तसं. वरून पंजानं ओढायचं नाही."

मग व्यायाम. कोपरापासून मनगटापर्यंत हात टेबलावर ठेवायचा, पंजा कडेच्या बाहेर, तळहात खाली. मुठीत पाण्याची भरलेली बाटली धरायची. दुसऱ्या हाताच्या आधारानं वर आणायची आणि मग आधार सोडून अगदी सावकाश खाली सोडायची. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकलं तर बाटलीतलं पाणी कमी करायचं. कोपराच्या जरा खाली बांधायला एक पट्टा.

"येवढ्यानं कवा बरं होईल?"

"काही महिने लागतील."

"मॅडम, चैत्रात लेकीचा बस्ता हाय. सुई न्हाई का एखादी?"

"आहे. सुईनं दुखणं झाकतं काका, उसवण तशीच राहते. दुखत नाही म्हणून तुम्ही जास्त जोर लावता आणि होती ती शिवणही जाते. मी तरी देऊ नका म्हणेन."

गुंडप्पानं मान हलवली. प्रणितानं सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, स्वतः हात टेबलावर ठेवून करून बघितलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, दिवा लावून झाला की प्रणिता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाटली घेऊन बसायची. "अप्पा, या."

"आज लई गिऱ्हाइक होतं गं. उद्या."

दुसऱ्या दिवशी, "आज पत्रिका वाटायच्यात. उद्या." कधी मधेच उठून जायचा, कधी नुसती बाटली धरून बसायचा आणि ती आत गेली की पाणी पिऊन टाकायचा. ती परत येऊन रिकामी बाटली बघायची आणि हसायची. कधी रागावली नाही. आता गुंडप्पाला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच. लग्न होऊन जाणारी लेक रोज संध्याकाळी आपल्याशेजारी बसायला हाका मारत होती, आणि हा माणूस पत्रिका वाटत हिंडत होता. पत्रिका काय, अजिनाथनंही वाटल्या असत्या.

आणि बस्ता जवळ आला तशी त्यानं ती सुई घेतली. माल आणायला जातो असं घरी सांगून बीड गाठलं, दुसरा एक दवाखाना शोधला, तिथल्या डॉक्टरांना लग्नाची इतकी गळ घातली की त्यांनी एकदाची सुई टोचली आणि निदान पंधरवडाभर हाताला आराम द्या म्हणून बजावलं. दोन-तीन दिवसांत कोपर असं मोकळं झालं, जणू दुसऱ्या कुणाचं आणून बसवलं. गुंडप्पाला आनंद मावेना. आराम कसला? तो दुकानात सकाळपासून फेकत सुटला. बोहणीला रुमाल मागायला आलेल्या माणसाच्या मांडीवर त्यानं नऊवारी टाकली. ऊसतोडीहून परतलेल्या बायका चोळीचा खण मागत होत्या, त्यांच्यावर पैठण्यांचा पाऊस. अजिनाथ दारात उभा राहून म्हणाला, "बघ, बिब्बा लागू पडला का न्हाई?"

जगदेवी मात्र नवऱ्याच्या हाताकडं बघत होती.

बस्त्याच्या दिवशी सकाळी गुंडप्पा उठला, तांब्या उचलायला गेला आणि तांब्या जागेवरच राहिला. कोपर परतलं होतं, आणि मागच्यापेक्षा जोरात. त्यानं सदऱ्याच्या बाहीखाली पट्टा करकचून बांधला, कपाळावर विभूती डाव्या हातानं लावली (ती एका भुवईवर गेली) आणि दुकानात जाऊन पांढऱ्या गादीवर बसला.

आष्टीची मंडळी आली. राजेश्वरअप्पा पुढं, पांढराशुभ्र शर्ट, हसतमुख. त्यांच्यामागं विहीणबाई मंगलबाई, शांत, मोजकं बोलणाऱ्या. आणि सगळ्यांच्या आधी ऐकू आल्या त्या राजेश्वरअप्पांच्या थोरल्या बहीण, ताराबाई. त्यांचा आवाज असा, की त्या चौकात रिक्षातून उतरल्या ते दुकानात कळलं. योगीराजला पुण्याच्या नोकरीतून सुट्टी मिळाली नव्हती.

"शरणार्थ, शरणार्थ," म्हणत राजेश्वरअप्पांनी हात पुढं केला. हस्तांदोलन हे गुंडप्पाच्या कोपराचं सगळ्यात नावडतं काम. त्यानं घाईघाईनं दोन्ही हात जोडले. पुढं केलेला हात राजेश्वरअप्पांनी हळूच मागं घेतला. पानाचं तबक गुंडप्पानं डाव्या हातानं पुढं केलं, तेव्हा ताराबाईंनी भावाकडं बघून भुवई उडवली. जगदेवीनं नवऱ्याच्या हातातलं तबक ओढून घेतलं आणि स्वतः उजव्या हातानं फिरवलं.

गादीवर बायकांची बैठक बसली. मधोमध प्रणिता, तिच्या एका बाजूला जगदेवी, दुसऱ्या बाजूला मंगलबाई, आणि मागं ताराबाई. आधी बाकीचं कापड झालं. गुंडप्पा आज फेकेना, साड्या प्रसादासारख्या दोन्ही तळहातांवर घेऊन एकेक समोर ठेवू लागला. ताराबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमी तर ऐकलतं की तेलगावला साड्या उडत्यात. इथं तर देवळात आल्यावानी वाटायलं."

सगळे हसले. गुंडप्पाही हसला, पण ते त्याला लागलं. प्रणिता तेवढ्यात समोरच्या ढिगातली एक इरकल हातात घेऊन बसली होती. फिकट आंब्याच्या रंगाची, लाल काठाची, अगदी साधी. ती बोटांनी काठ चाचपत होती. लेक बसल्या बसल्या घड्या नीट करतेय, असं गुंडप्पाला वाटलं आणि त्याला तिचं कौतुकही वाटलं.

मग तो उठला आणि कपाट उघडलं. डाळिंबी शालू बाहेर आला तेव्हा ताराबाईसुद्धा काही बोलल्या नाहीत. गुंडप्पानं शालूचं टोक चिमटीत धरलं. राजनंदिनीबाईंचा चेहरा त्याला आठवला, उसवलेली शिवण आठवली. पण समोर लेक बसली होती आणि तिच्या मांडीवर जागा होती. त्यानं महादेवाचं नाव घेतलं, मनगट मागं नेलं आणि झटका दिला.

त्याच क्षणी कोपरात अशी वीज कडाडली की गुंडप्पाच्या तोंडून "शिवा!" अशी आरोळी निघाली आणि डोळे गच्च मिटले. चिमूट सुटली. शालू सगळाच्या सगळा हवेत गेला, उलगडला, फुलला, आणि गुंडप्पानं डोळे उघडले तेव्हा तो उतरला होता. विहीणबाईंच्या मांडीवर.

मंगलबाई दचकल्या. दचकून त्यांनी जे केलं ते कुठलीही बाई करते. मांडीवर काही पडलं तसा पदर पसरून दोन्ही हातांनी सावरून धरलं. आणि मागून ताराबाईंचा आवाज चौकापर्यंत गेला.

"अगं बया! व्याह्यानं विहिणीची ओटी भरली!"

आता बघा. ओटी भरायची ती बाईनं बाईची. परक्या पुरुषानं, तेही व्याह्यानं, महादेवाचं नाव घेऊन भरल्या दुकानात विहिणीच्या ओटीत शालू टाकावा, असं तेलगावात काय, कुठंच कधी झालं नसेल. राजेश्वरअप्पांचं हसू मावळलं. आधीच हात हातात न देणारा, डाव्या हातानं पान देणारा माणूस, आणि आता हे. त्यांनी पानाचा विडा तोंडातल्या तोंडात थांबवला. चुकून पडला म्हणावं, तर ओटीत पडलेलं परत मागायचं कसं? लेकीच्या सासूच्या भरल्या ओटीतून काढून घेणारा बाप म्हणून जन्मभर नाव झालं असतं. हात दुखत होता म्हणावं, तर इतके दिवस लपवलेलं सगळं बाहेर येणार. लग्न इथंच मोडतंय असं त्याला स्पष्ट दिसू लागलं.

जगदेवी उठली. तिनं शांतपणे आत जाऊन हळदीकुंकू, तांदूळ, नारळ आणला, मंगलबाईंना कुंकू लावलं, त्या शालूवर नारळ आणि तांदूळ घातले आणि म्हणाली, "विहीणबाई, मानाचा शालू हाय. आमच्या घरात मानाचं पैलं सासूला. ह्यांना धीर कसा तो न्हाई, मी कुंकू आणंस्तवर बी दम निघाला न्हाई बगा."

मंगलबाईंनी शालू कपाळाला लावला. त्यांचे डोळे भरून आले. "लग्नाला येवढी वर्षं झाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "येवढं कुणी दिलं न्हवतं." राजेश्वरअप्पांचा विडा पुन्हा हलू लागला. ते उठले आणि त्यांनी गुंडप्पाला कडकडून मिठी मारली, उजव्या हातासकट. गुंडप्पा कळवळून रडला. व्याह्याला भरून आलं म्हणून सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

राहिला नवरीचा शालू. जगदेवीनं ढिगातली हाताला आली ती आंब्याच्या रंगाची इरकल उचलून प्रणिताच्या मांडीवर ठेवली आणि हीच लग्नाला म्हणून सांगून टाकलं. गुंडप्पानं लेकीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती, तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. पोरगी रडतेय, हे त्याला बघवलं नाही. तो आतल्या कपाटाकडं तोंड करून उभा राहिला.

वैशाखात लग्न झालं. मंगलबाई डाळिंबी शालू नेसून मांडवात आल्या आणि सगळ्या आष्टीनं त्यांच्याकडं बघितलं. फोटोग्राफरनं नवरीआधी त्यांचेच फोटो काढले. मांडवातला जो तो गुंडप्पाला दिलदार म्हणत होता, आणि दर शब्दागणिक त्याचा जीव तुटत होता. त्याची एकुलती एक लेक साध्या इरकलीत बोहल्यावर उभी होती, आणि त्याला वाटत होतं, हे सगळं माझ्या या एका कोपरानं केलं. वेळेवर व्यायाम केला असता, ती सुई घेतली नसती, निदान खरं बोललो असतो, तरी हा दिवस असा दिसला नसता. जेवणाच्या पंगतीत त्याला गोड लागेना. (तो दोनदा वाढून घेत होता, पण लागत नव्हतं.)

पाठवणीच्या वेळी तो लेकीला म्हणाला, "पोरी, बापाचा हात चुकला. मला माफ कर."

प्रणिता रडता रडता थांबली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, मग आईकडं बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, हाताचा व्यायाम करा."

गाडी गेली. त्या संध्याकाळी गुंडप्पा स्वतःहून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसला, हात टेबलाच्या कडेला ठेवला, बाटली धरली. समोर कुणी नव्हतं. जगदेवी भाकरी थापता थापता म्हणाली, "सावकाश सोडा. आदळू नका." मग रोज तसंच. पहिले काही दिवस निम्मी बाटली, मग भरलेली, पुढं मोठी. दुकानात ताका उचलायचा तर तळहात वर. फेक बंद. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटली. गुंडप्पानं ऐकलं नाही. ज्या चुकीनं लेकीचा शालू गेला ती चूक पुरी निस्तरायची, असा त्यानं ध्यास घेतला. बनारसला कळवून त्याच जातीचा, त्याच डाळिंबी रंगाचा दुसरा शालूही मागवला. आषाढ सरता सरता राजनंदिनीबाईंनी कोपर दाबलं, मनगट दाबलं, मूठ आवळायला लावली. गुंडप्पा हूं की चूं बोलला नाही. "काका," त्या म्हणाल्या, "एवढ्या मनापासून व्यायाम करणारा पेशंट मी बघितला नाही. आता सोसेल तेवढं फेका, फक्त दिवसभर नको."

श्रावणात पंचमीला प्रणिता माहेरी आली. गुंडप्पानं तिला थेट दुकानात बसवलं, मधोमध, गादीवर. जगदेवी दाराशी बसली. गुंडप्पानं कपाट उघडलं, शालू काढला, चिमटीत धरला आणि झटका दिला. कोपरात एवढीशीही कळ नाही. शालू हवेत लाटेसारखा गेला आणि पदर अलगद, बरोबर, लेकीच्या मांडीवर उतरला.

गुंडप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "घे पोरी. त्या दिवशी नेम चुकला, आज साधला."

प्रणितानं शालूकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आईकडं बघितलं. "आई, आता सांगू?"

"सांग आता. डॉक्टरीणबाईंनी पास केलंय."

"अप्पा, नेम चुकला न्हवता. शालू माझ्याच मांडीवर येत होता. मी सरकले."

"सरकलीस?"

"जराशी. मला वाटलं, गादीवर पडंल आन् मग तुमाला सांगता येईल की राहू द्या. सासूबाईंच्या ओटीत जाईल असं कुठं वाटलतं? आन् मग आत्याबाई ओरडल्या, मला हसूच आवरंना. मला तो रंग न्हवता आवडला अप्पा. मला ती इरकल पाहिजे होती."

गुंडप्पा गादीवर बसला. "मग बोलली कावून न्हाईस?"

"रोज कपाट उघडून बघत होतात तुमी. कसं बोलू? आन् तुमी इचारलं कवा?"

दुकानाची पायरी चढणाऱ्या बाईला कुठला रंग पाहिजे हे तो तिच्या चालण्यावरून सांगायचा. घरातल्या लेकीला विचारायचं त्याच्या कधी मनातही आलं नाही. कोपराबद्दल तो इतके महिने हळहळला होता, पण हे दुखणं त्याहून जुनं होतं, आणि त्याला बाटलीचा व्यायाम नव्हता. त्याला खरंच फार वाईट वाटलं.

मग तो जगदेवीकडं वळला. "तुला ठावं होतं?"

"पोरगी सरकली ते मी डोळ्यानं बघितलं. म्हनून तर इरकल उचलली."

"मग मला येवढे दिवस जळू कावून दिलं?"

"सांगितलं असतं तर बाटली हातात धरली असती का तुमी?"

गुंडप्पानं खाली मान घातली. लेकीच्या मांडीवरचा शालू त्यानं हळूच उचलला, दोन्ही तळहातांवर घेतला, आणि निदान एक माणूस तरी आपलं आहे अशा आशेनं बायकोपुढं धरला. "मग हा तू घे. तुला तर पैल्यापासून डाळिंबीच आणतोय मी."

"तेच म्हनते," जगदेवी उठत म्हणाली, "मला तरी डाळिंबी कवा आवडत होता?"